सीपॅप मशीन घेऊन गावी मुक्कामाला जाताना

लग्न पुसदकडच्या एखाद्या खेड्यात, मुक्काम दोन रात्रींचा, आणि घरात सूर असा की दोन रात्रींसाठी हे लोढणं कशाला न्यायचं? न्यायचंच. स्लीप ॲप्नियाला, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडकण्याच्या आजाराला, सुट्टी नसते. मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं हे सीपॅप मशीन न लावता झोपलात की घशाचा मार्ग पुन्हा मिटायला लागतो, रात्रभर श्वास अडकतो आणि सकाळी डोकं जड होऊन उठता. त्यात परतीच्या वाटेवर स्टिअरिंग तुमच्याच हातात असेल तर गोष्ट फक्त तुमच्या झोपेपुरती राहत नाही.

मशीन तसं काटक असतं. आत एक छोटा पंखा, मोटर आणि सेन्सर, एवढाच त्याचा संसार. विदर्भातल्या खेड्यात ते अडतं तीन गोष्टींपाशी: लाईन, पाणी आणि धूळ. यातली लाईन सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर इथे सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

आठ दिवस आधी: अडॅप्टर वाचा आणि घरीच एक रात्र तालीम करा

मशीनच्या वायरवरचा काळा ठोकळा म्हणजे अडॅप्टर. त्यावरची बारीक अक्षरं मोबाईलने फोटो काढून मोठी करा आणि दोन आकडे टिपून ठेवा. पहिला इनपुटचा. तो बहुतेक १०० ते २४० व्होल्ट असा असतो. याचा अर्थ गावात संध्याकाळी व्होल्टेज दीडशेवर आलं, पंखा रेंगाळू लागला, तरी मशीन नीट चालेल. कमी व्होल्टेजची भीती बाळगायचं कारण नाही. दुसरा आकडा आउटपुटचा. रेसमेडच्या एअरसेन्स १० ला २४ व्होल्ट लागतात, फिलिप्सच्या ड्रीमस्टेशनला १२. बॅटरी घेताना सगळा हिशेब या आकड्यावरून होतो. २४ व्होल्टच्या मशीनला १२ व्होल्टची बॅटरी थेट जोडून चालत नाही, मध्ये व्होल्टेज वाढवणारा, मशीनच्या कंपनीचा डीसी कन्व्हर्टर लागतो.

आता तालीम. हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या डब्याची हीटिंग आणि गरम नळी असेल तर तिची हीटिंग, दोन्ही सेटिंगमधून बंद करा. डबा रिकामा करून जागेवर तसाच बसवा, कारण काही मशीनमध्ये तो काढला तर हवा बाजूने निसटते. अशी एक रात्र झोपा. नाक थोडं कोरडं पडेल, पण झोप लागते की नाही ते घरीच कळून जातं. विजेचा खरा खर्च हीटिंगचा असतो. नुसता पंखा मधल्या प्रेशरला साधारण ८ ते १५ वॅट खातो, हीटिंग चालू केली की तोच आकडा ३० ते ६० च्या घरात जातो. बॅटरीवर एक रात्र निघेल की तीन, हे या एका बटणावर ठरतं.

त्याच रात्री मशीन चालू असताना प्लग काढून बघा. मास्क लावलेला असताना हवा थांबली की कसं वाटतं आणि प्लग परत लावल्यावर मशीन आपोआप सुरू होतं की बटण दाबावं लागतं, हे दोन्ही पाहून ठेवा. काही मशीन श्वास घेताच सुरू होतात, पण ते सेटिंग बंद असेल तर लाईन येऊनही मशीन रात्रभर गप्प बसतं आणि माणूस मास्क लावून तसाच झोपून राहतो.

यजमानांना फोनवर विचारायचे प्रश्न

"लाईट असते का?" असं विचारलं की उत्तर "असते ना" असंच येतं. त्याऐवजी नेमकं विचारा.

घर गावात आहे की वावरात? गावातलं घर गावठाण फीडरवर (गावाला वीज देणाऱ्या वाहिनीवर) असतं, तिथे लाईन जाते पण येते. वावरातलं घर शेतीच्या फीडरवर असेल तर पंपाची लाईन पाळीने मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री लाईन नसणार हे धरूनच चाला. वावरात सौर पंपाचं पॅनेल दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या पंपाला बॅटरी नसते, सूर्य मावळला की तोही झोपतो.

इन्व्हर्टर आहे का, आणि असला तर कोणत्या खोलीच्या कोणत्या बोर्डावर त्याचं कनेक्शन आहे? हा प्रश्न बहुतेकजण विसरतात. खेड्यातल्या घरात इन्व्हर्टरवर बहुधा दोन पंखे आणि तीन-चार बल्ब एवढंच असतं. पाहुण्यांच्या खोलीतला प्लग त्यावर असेलच असं नाही. रात्री दोनला पंखा फिरतोय आणि मशीन मात्र बंद, असा गमतीदार प्रकार त्यातूनच होतो. पंखा चालू असल्याने घरातल्या कुणाला लाईन गेल्याचा पत्ताही नसतो.

इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे की स्क्वेअर वेव्ह, हे त्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं. साइन वेव्ह उत्तम. स्क्वेअर वेव्हवर हीटिंग बंद ठेवून बरेच अडॅप्टर चालतात, पण ते गुणगुणतात आणि तापतात. हाताला चटका बसेल इतका अडॅप्टर तापला की त्यावर रात्र काढायची नाही. १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीला सीपॅपचा पंखा म्हणजे उन्हाळ्यातल्या बैलगाडीवर एक पेंढी. तिला संपवतो तो छताचा पंखा आणि टीव्ही.

बॅटरीचा हिशेब

समजा हीटिंग बंद ठेवून मशीन १२ वॅट खातं. आठ तासांचे झाले ९६ वॅट-तास. कन्व्हर्टर आणि वायरमध्ये जाणारं धरून त्यात चौथा हिस्सा वाढवा, म्हणजे १२०. एवढी वीज प्रत्यक्ष हाती येईल अशी बॅटरी हवी.

१२ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे २४० वॅट-तास. तिच्यात एक रात्र आरामात निघते, दुसरीही बहुधा निघते. शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढायची, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून २६ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी म्हणजे एक रात्र, फार तर थोडी जास्त. मोटरसायकलची बॅटरी मध्यरात्रीच दम टाकते. मोबाईलची साधी पॉवर बँक पाच व्होल्ट देते, तिचा इथे काडीचाही उपयोग नाही.

गावात हाताशी दोनच बॅटऱ्या असतात: ट्रॅक्टरची आणि फवारणी पंपाची. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची आणि भरपूर मोठी असते. अडीनडीला कन्व्हर्टरच्या चिमट्यांनी जोडता येते. लाल चिमटा अधिकला, काळा उणेला, आणि जोडताना मशीन बंद. मात्र ती चार्जिंगला लावलेली असताना झोपायच्या खोलीत ठेवू नका, तिच्यातून हायड्रोजन निघतो. फवारणी पंपाच्या बॅटरीचं नावच काढू नका. आठ-बारा अँपिअर-तासांत पूर्ण रात्र निघत नाही हा एक भाग. दुसरा त्याहून मोठा: तिच्यावर औषधाचे थेंब सुकलेले असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा अजून कुणी विसरलेलं नाही. जी वस्तू औषधाच्या डब्याशेजारी राहते, ती नाकाशी हवा आणणाऱ्या मशीनपाशी आणायची नाही.

पावसाळ्यात गडचिरोलीच्या दक्षिणेकडे जात असाल तर दोन रात्रींची तयारी चार रात्रींची करा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि रस्ता बंद म्हणजे लाईन दुरुस्त करायला येणाराही पलीकडेच.

लाईन जाण्यापेक्षा वाईट: लाईन भडकणं

वादळी पावसात खांबावरची न्यूट्रल तार तुटली की एका फेजच्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. बल्ब अचानक पांढरेफटक पेटतात, पंखा सुसाट सुटतो. असं दिसलं की पहिलं काम प्लग ओढायचं, बाकी सगळं नंतर. जादा व्होल्टेजला आपोआप तोडणारा प्रोटेक्टर मिळतो. फ्रिजसाठी विकला जाणाराही चालतो, फक्त तो लाईन आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबूनच सुरू होतो, तेवढा वेळ मशीन बंद राहील. साधा स्पाइक गार्ड क्षणिक झटका अडवतो, पण तासभर चाललेले ४०० व्होल्ट त्याला अडवता येत नाहीत. विजा कडाडत असतील तर सरळ बॅटरीवर झोपा.

बॅग भरताना

मशीन, अडॅप्टर, नळी, मास्क, हे सांगायला नको. तरी विसरतो तो अडॅप्टरचा वेगळा निघणारा वायरचा तुकडा, कारण तो घरच्या बोर्डाला लावलेला तसाच राहतो. शिवाय पाच मीटरची एक्स्टेंशन (खेड्यात बोर्ड दाराशेजारी उंचावर आणि खाट दुसऱ्या टोकाला), ढिल्या सॉकेटसाठी एक चांगला तीन पिनी प्लग, दोन जादा फिल्टर, मास्कची एक जादा उशी (नाकाला टेकणारा सिलिकॉनचा भाग), डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि सुती धोतराचा किंवा ओढणीचा एक तुकडा. चिठ्ठीवर प्रेशर, मशीनचा प्रकार आणि मास्कचा साइज लिहिलेला असावा. मास्क फाटला तर तालुक्याला तो मिळणार नाही. नागपूर, अमरावती किंवा अकोल्याहून मागवावा लागतो, आणि साइज ठाऊक नसेल तर तेही होत नाही.

निघण्याआधी पाण्याचा डबा रिकामा करून पुसून कोरडा करा. आत पाणी ठेवून मशीन आडवं पडलं की पाणी मोटरमध्ये जातं. प्रवासात मशीन खराब होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि पूर्णपणे टाळता येण्यासारखं.

रस्त्यात

एसटीत बॅग मांडीवर किंवा पायाशी ठेवा. मागच्या डिकीत किंवा टपावर नको. ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये यूएसबीचं भोक असतं, ते मोबाईलपुरतं. रात्रभराचा प्रवास असेल तर स्वतःची बॅटरी हवी, आणि मशीन घसरू नये म्हणून ते पिशवीतच ठेवून नळी बाहेर काढा. पिशवीचा हवा घेण्याकडचा भाग मात्र उघडा राहू द्या.

रेल्वेचं थोडं सविस्तर. विदर्भ एक्स्प्रेस, सेवाग्राम एक्स्प्रेस, अमरावतीहून मुंबईला जाणारी गाडी, या सगळ्या रात्रीच धावतात. बर्थजवळचं सॉकेट मोबाईलसाठी असतं आणि बहुतेक डब्यांत ते ११० व्होल्टचं. अडॅप्टरला ते चालतं. खरी अडचण वेळेची आहे: आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ पर्यंत चार्जिंगची सॉकेट बंद ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे नेमक्या झोपेच्या वेळी. टीटीई किंवा डब्यातल्या अटेंडंटला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून विचारायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बॅटरी सोबत ठेवा. तिकीट काढताना खालचा बर्थ मागा. मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली राहिलं तर नळीतलं पाणी तोंडावर येत नाही, आणि वरच्या बर्थवरून ते कुणाच्या डोक्यावर पडण्याची भीतीही राहत नाही.

गाडीने जाताना मशीन उन्हात बंद गाडीत सोडू नका. बऱ्याच मशीन ६० अंशांपर्यंतच साठवायच्या असतात. मे महिन्यात बाहेर ४५ असताना काच लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून जास्त होतं. लिथियम बॅटरीचंही तसंच.

नागपूरहून विमानाने पुढे जाणार असाल तर मशीन केबिन बॅगेत घ्या. तपासणीत ते बाहेर काढून दाखवायला सांगतात. लिथियम बॅटरी चेक-इन सामानात टाकायची नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची सहज नेता येते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावरची नेता येत नाही. बॅटरीवर फक्त एमएएच लिहिलं असेल तर त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा: २७,००० एमएएच म्हणजे जवळपास १०० वॅट-तास. वर सांगितलेली २४० वॅट-तासांची बॅटरी विमानात चालणार नाही, ती गावापुरतीच.

पोचल्यावर: मशीन कुठे ठेवायचं

उजेड असतानाच जागा ठरवा. आधी बोर्डात प्लग लावून हलवून बघा. ठिणगी दिसली किंवा चरचर ऐकू आली तर दुसरा बोर्ड.

खाली गादी टाकून झोपायचं असेल तर मशीन पाटावर किंवा उलट्या घमेल्यावर ठेवा. सारवलेल्या जमिनीची बारीक माती मशीन थेट ओढून घेतं. खाटेवर उशाशी ठेवलं तर गोधडी हवेच्या तोंडावर येते. भिंतीपासून चार बोटं अंतर राहू द्या.

मच्छरदाणी असेल तर मशीन बाहेर आणि नळी आत, कापड नळीखाली नीट खोचून. आणि मच्छर अगरबत्ती मशीनजवळ लावू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावली तरी धूर मशीनमध्ये येतोच, शेजारी लावली तर रात्रभर तुम्ही तोच ओढत राहता. चुलीच्या खोलीत झोपायचं टाळा. पऱ्हाटी किंवा तुराट्या जळत असतील त्या अंगणाकडच्या खिडकीपासूनही दूर.

दिवसा मशीन सुती कापडाने झाका आणि नळी खुंटीला टांगून ठेवा. जमिनीवर पडलेल्या नळीत झुरळ, मुंगी, कधी पाल शिरते, आणि उंदराला तिचं प्लास्टिक फार आवडतं. रात्री लावण्याआधी नळी उलटी करून झटका, मशीन दहा सेकंद मास्कशिवाय चालवा, मगच जोडा. मशीन चालू असताना मात्र त्यावर कापड नको.

माणसं विचारणारच, "काहून भाऊ, ऑक्सिजन लावला का?" एकदाच नीट सांगून टाका की हा ऑक्सिजन नाही, सिलिंडर नाही, हे मशीन खोलीतलीच हवा दाबाने नाकात सोडतं. नाहीतर रात्री लाईन गेली की घरातले घाबरून तुम्हालाच हलवून उठवतात.

ऋतूप्रमाणे पाणी आणि हीटिंग

उन्हाळ्यात खोलीत कूलर असेल तर हवेत ओल पुरेशी असते, मशीनच्या पाण्याची बहुधा गरजच पडत नाही. फक्त कूलरच्या तुषारांच्या माऱ्यात मशीन ठेवू नका. अनेक मशीन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायच्या असतात आणि आतली हवा बाहेर पडताना आणखी थोडी तापते. त्यामुळे चंद्रपूरकडच्या मे महिन्यात कूलरशिवायच्या बंद खोलीत मशीन लावणं त्रासाचं जातं. गच्चीवर झोपणार असाल तर एक्स्टेंशनचा जोड जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, वळवाचा पाऊस विचारून येत नाही.

हिवाळ्यात उलट. हीटिंग चालू आणि खोली थंड, की नळीत वाफेचं पाणी होऊन गुडगुड आवाज येतो आणि पहाटे नाकावर थेंब पडतात. हीटिंग एक-दोन पायऱ्या खाली आणा आणि नळी गोधडीखालून घ्या. चिखलदऱ्याला थंडीत हे हमखास होतं. तिथल्या सुमारे ११०० मीटर उंचीची मात्र काळजी नको, आजच्या मशीन उंचीप्रमाणे प्रेशर स्वतः जुळवतात.

डब्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं. दोन रात्रींना अर्धा ते एक लिटर पुरतं, घरूनच न्या. पेट्रोल पंपावरचं किंवा बॅटरीच्या दुकानातलं बॅटरीचं पाणी घेऊ नका. ते श्वासासाठी बनवलेलं नसतं, आणि कॅनमध्ये काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सोबतचं संपलं तर उकळून थंड केलेलं आरओचं पाणी दोन-चार दिवस चालतं, रोज सकाळी ओतून टाकायचं. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी डब्यात घालूच नका. उकळल्याने जंतू मरतात, क्षार तसेच राहतात, आणि एका रात्रीत डब्याच्या तळाला पांढरा थर बसतो. बसलाच तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग पाणी यात डबा भिजवून नंतर स्वच्छ धुवा.

नाक कोरडं पडलं तर मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब वापरा. व्हॅसलिन, खोबरेल तेल, बाम यांपैकी काही नको, सिलिकॉन त्याने खराब होतं. डोक्याला तेल चोपडून मास्क लावला तर पट्टे घसरतात आणि रात्रभर हवा गळते.

मध्यरात्री लाईन गेली तर

घाबरण्यासारखं काही नाही. मास्कला हवा बाहेर सोडणारी छिद्रं असतात, तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कला वेगळी झडपही असते, आणि बहुतेकदा जाग येतेच. मास्क काढा, प्लग काढा, बॅटरी जोडा, हीटिंग बंद असल्याची खात्री करा. बॅटरी नसेल तर कुशीवर झोपा, पाठीखाली आणि डोक्याखाली दोन-तीन उशा घेऊन वरचं अंग उंच करा. त्या रात्री दारू नाही, मोहाचीही नाही, आणि झोप आणणारी सर्दीची गोळीही नाही. दुसऱ्याचं मशीन त्याच्या प्रेशरवर लावून बघण्याचा प्रयोग तर मुळीच नको.

अशी रात्र गेली तर सकाळी गाडी दुसऱ्याच्या हाती द्या. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सरळ, रुंद आणि एकसुरी आहे. अर्धवट झोपलेल्या डोळ्यांसाठी यापेक्षा वाईट रस्ता नाही.

सकाळी आणि परतल्यावर

मास्कची उशी रोज कोमट पाणी आणि लहान मुलांच्या सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा. भांड्यांची पावडर, फिनेल, डेटॉल नको, आणि दोरीवर उन्हात तर नकोच, ते सिलिकॉनला कडक करतं. डब्यातलं पाणी झाडाला घाला.

घरी आल्यावर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. एरवी महिन्यातून एकदा पाहायचा आणि सहा महिन्यांत बदलायचा फिल्टर कापूस वेचणीच्या किंवा मळणीच्या दिवसांत चार रात्रींतच करडा होतो. पांढरा कागदी असेल तर टाकून द्या, धुऊ नका. काळा स्पंजचा असेल तर धुऊन पूर्ण वाळल्यावरच बसवा, ओला बसवला तर आतला ओलावा सरळ मोटरकडे जातो.